लीजवर सही करण्याआधी शाळा बघा

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला नवीन आलेल्यांचा पहिला फोन बहुतेक असाच असतो: “ताई, चांगल्या शाळेत ॲडमिशनसाठी कुणाला भेटायचं?” कुणालाच नाही. इथल्या सरकारी शाळेला ना डोनेशन, ना फी, ना आईबापांची मुलाखत. पत्ता ठरला की शाळा ठरली. एडिसन गाव एकच, पण सरकारी हायस्कुलं दोन, आणि मूल कुठल्या शाळेत जाणार हे तुमच्या पत्त्यावर अवलंबून. म्हणून आधी स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्यांच्या, ऑफिसात तो पत्ता सांगा, शाळा विचारून घ्या, मगच लीजवर सही करा. घराच्या जाहिरातीवर विसंबू नका.

त्या जाहिरातीखाली शाळेला दहापैकी आकडा दिलेला असतो. मी 9 आकड्यामागे धावून ऐपतीबाहेरचं भाडं दोन वर्षं भरलं. तो आकडा बराचसा परीक्षेच्या गुणांवर बेतलेला असतो, आणि गुण पुष्कळदा घरच्या कमाईमागून चालतात. इंग्रजी न येणारं मूल तिथे कसं रुळेल हे त्यातून कळत नाही. न्यू जर्सी सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ काढतं. इंग्रजी शिकणारी मुलं किती पुढे सरकली आणि सतत गैरहजर राहणारी किती, हे त्यात बघा. फोनवर भाषांतर करून वाचलात तरी चालेल.

मग शाळेत एक चक्कर मारा. ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या, बाई रोज याच शाळेत असतात, की दोन शाळा सांभाळतात? मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवतात का? नेत असतील तर कुठला तास बुडतो? गणिताचा बुडत असेल तर मी दोनदा विचार करेन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नाव घालताना एक फॉर्म मिळतो: घरी कोणती भाषा बोलता? आपले लोक बिनदिक्कत ‘इंग्लिश’ लिहितात, मुलाला ‘ढ’ वर्गात टाकतील या भीतीने. मीही लिहिलं. मग मुलीची भाषेची चाचणीच झाली नाही, आणि चार महिने ती वर्गात तोंड मिटून बसली. बाईंना वाटलं, लाजाळू आहे. तुम्ही ‘मराठी’च लिहा. चाचणी होईल, गरज असली तर ईएसएल मिळेल, दरवर्षी पुन्हा चाचणी होईल आणि इंग्रजी पुरेसं आलं की ते सुटेल. ही मेहेरबानी नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात 1974 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की भाषाच कळत नसेल तर सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक देणं म्हणजे समान शिक्षण नव्हे.

तुमचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असलं तर “इंटरप्रिटर, मराठी, प्लीज” एवढं पाठ करा. दुभाषा बहुधा फोनवर मिळतो, पैसे पडत नाहीत. भारतीय म्हटल्यावर हिंदीचा माणूस जोडून देतात. हिंदी जमत नसेल तर स्पष्ट सांगा. पोराला मात्र मध्ये घालू नका. बाई तक्रार करतायत आणि चिरंजीव आईला सांगतायत, “म्हणतात, छान चाललंय,” हे मी समोर बसून पाहिलंय. हसू आवरेना.

कागदपत्रं म्हणजे जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, लसींचं कार्ड. नातेवाइकांकडे राहत असाल तर वेगळं प्रतिज्ञापत्र करून चालतं. व्हिसा नाही म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, सुप्रीम कोर्टाचा तो निकाल 1982 चा. लसींमध्ये अडकायला होतं ते कांजिण्यांपाशी, कारण आपल्या सरकारी वेळापत्रकात ती लस नसते. टीबीची चाचणी मागितली तर डॉक्टरांना रक्ताची करायला सांगा. लहानपणच्या बीसीजी लसीमुळे हातावरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि ते कार्ड विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. आमचं मोठ्या बॅगेत होतं, बॅग आली नवव्या दिवशी.