'फास्ट' म्हणजे फक्त जलद नव्हे : या चुका टाळा

ठाणे स्टेशनच्या पुलावरून इंडिकेटरकडे बघत धावणाऱ्याला 'फास्ट'चा अर्थ सांगावा लागत नाही. घाटकोपर, कुर्ला, दादर! पण हाच शब्द पुस्तकात भेटला की गोंधळ उडतो. नौपाड्यात मी आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. परवा एकीने 'द बेबी वॉज फास्ट अस्लीप' या वाक्याचं मराठी केलं, 'बाळ पटकन झोपलं'. वहीत 'पटकन' खोडून मी 'गाढ' लिहिलं, तर ती म्हणाली, "मॅडम, पण फास्ट म्हणजे जलदच ना?"

मुळात नव्हे. जुन्या इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे घट्ट, पक्का, न हलणारा. जर्मनमधला 'फेस्ट' आजही तोच अर्थ सांगतो. वेग नंतर चिकटला : घट्टपणातून जोर, जोरातून गती. आपणही 'जोरात पळ' म्हणतो ना, तसंच. म्हणून 'स्टँड फास्ट' म्हणजे लवकर उभे राहा नव्हे, तर जागचे हलू नका. एकच शब्द एकीकडे पळवतो आणि दुसरीकडे रोवून उभा करतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

जांभळी नाक्याला कापड घेताना दुकानदार सांगतो, "ताई, फास्ट कलर आहे." कुणी त्याचा अर्थ भडक रंग घेतं, कुणी लवकर जाणारा रंग! खरा अर्थ आहे पक्का रंग, धुतल्यावर न उतरणारा. शब्दावर भरवसा नसेल तर ओला पांढरा रुमाल कापडाच्या कोपऱ्यावर चोळून बघा.

उपवासाचा 'फास्ट'ही वेगळा शब्द समजू नका, तो याच मुळाचा. नियम घट्ट धरून ठेवणं यातून अन्न वर्ज्य करणं आलं. रात्रभर पोटात काही नसतं, ते सकाळचं पारणं म्हणजे ब्रेकफास्ट. उच्चार मात्र 'ब्रेकफस्ट'च्या जवळचा. एकादशीला ऑफिसात 'आय हॅव फास्ट टुडे' असं म्हणू नका, 'आय ॲम फास्टिंग टुडे' म्हणा. रक्त तपासणीच्या कागदावरचं 'फास्टिंग' तेच, उपाशीपोटी.

'फास्टली' हा शब्द तर वापरूच नका. 'आय रॅन फास्ट' एवढंच पुरे, शेपूट लागत नाही. आणि 'fasten' (घट्ट बांधणे) हा शब्द 'फासन' असा म्हणताना मधला ट गिळायचा, लिहिताना विसरायचा नाही.

वाक्य अडलं की 'फास्ट'च्या जागी आधी 'घट्ट' घालून बघा. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी 'फास्ट फ्रेंड्स' या शब्दांवर हाच प्रयोग केला आणि न विचारता लिहिलं, 'जिवलग मैत्रिणी'.