क्रोमोग्रॅनिनच्या रिपोर्टवर सही करण्याआधी

लॅबमध्ये ट्यूमर मार्करच्या, म्हणजे गाठीचा माग देणाऱ्या रक्तातल्या-लघवीतल्या पदार्थांच्या, बेंचवर बसून मला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली दोन वर्षं मी मशीनने दिलेला आकडा बरोबर आहे ना, एवढंच बघत होते. कंट्रोल रेंजमध्ये, कॅलिब्रेशन ताजं, बारकोड जुळतोय, मार सही. त्यापुढचं काम मला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या, म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींच्या गाठींच्या, पेशंटांनी शिकवलं. यंदा आमच्याकडे दोन नवीन मुली रुजू झाल्यात. त्यांना चहाच्या वेळी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

एक काका दर तीन महिन्यांनी यायचे. स्वादुपिंडात गाठ, ग्रेड १, म्हणजे बायोप्सीत केआय-६७ (विभागत असलेल्या पेशींचं प्रमाण) तीन टक्क्यांच्या खाली. दर २८ दिवसांनी गाठीचा स्राव दाबणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. क्रोमोग्रॅनिन ए, म्हणजे या गाठी रक्तात सोडतात ते प्रथिन, वर्षभर ११० ते १३०च्या घरात. एका खेपेला आला ४६२. मी सॅम्पल पुन्हा लावलं, ४५५. आकडा पक्का, म्हणून रिपोर्ट सोडला. संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन. "ताई, बाबांचा कॅन्सर चौपट झाला का हो?" डॉक्टरांच्या आधी रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर पोचला होता.

काही नवीन औषध सुरू झालंय का, विचारलं तर तो नाहीच म्हणाला. मागून काकांचा आवाज आला, "अरे, ती गुडघ्याची गोळी सांग." गुडघ्याची, आणि तिच्याबरोबर रिकाम्या पोटी घ्यायची पॅन्टोप्राझोल. पाच आठवडे चालू होती. ॲसिडिटीच्या गोळीला आपल्याकडे कोणी औषध समजतच नाही! त्यांच्या डॉक्टरांनी ती बंद केली, दोन आठवडे थांबून पुन्हा रक्त घेतलं, १२४ आलं. स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच होती.

असं का होतं ते समजून घ्या, पाठ करू नका. पोटातलं आम्ल कमी झालं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं. गॅस्ट्रिन जठरातल्या काही पेशींना चेव आणतं आणि त्या पेशी क्रोमोग्रॅनिन सोडतात. मशीनला तो गाठीतून आलाय की जठरातून, हे कळत नाही. मूत्रपिंड मंदावलं तरी तो रक्तात साचतो, म्हणून क्रिएटिनिनवर नजर टाकल्याशिवाय मी वाढलेल्या आकड्याकडे बघतच नाही. पण पेशंटला फोनवर "गोळी बंद करा" असं आपण कधीच सांगायचं नाही. गॅस्ट्रिन बनवणाऱ्याच गाठी असतात काही जणांत, त्यांची ती गोळी अचानक थांबवली तर अल्सर फुटून जिवावर बेततं. आपण नोंद करायची, निर्णय डॉक्टरांचा.

इरफान खानने मार्च २०१८मध्ये आपला हाच आजार जाहीर केला, त्यानंतर नुसतं पोट फुगतं म्हणून ही टेस्ट मागणारे लोक काउंटरवर यायला लागले. त्यातले निम्मे ॲसिडिटीच्या गोळीवर. निदान झालेल्या माणसाची वाटचाल बघायला हा मार्कर बरा; धडधाकट माणसात आजार शोधायला नाही.

आता माझ्याच हातून झालेली चूक. मी आधी जिथे होते तिथे किट बदललं. नवीन कंपनीचं किट, वेगळी अँटिबॉडी, वेगळी नॉर्मल रेंज. क्रोमोग्रॅनिनच्या वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे मला माहीत होतं. तरी रिपोर्टखाली "पद्धत बदलली आहे" ही ओळ टाकायची राहिली, आणि एका बाईंचं इंजेक्शन बदलायचं जवळजवळ ठरलं होतं. तेव्हापासून किट बदललं की जुन्या पेशंटचं सॅम्पल आम्ही काही काळ दोन्ही किटवर लावतो. आणि दहा-पंधरा टक्क्यांचा चढउतार असेल तर ती बातमी धरू नका, तेवढा फरक त्याच माणसात सोमवारी आणि गुरुवारीसुद्धा पडतो.

२४ तासांच्या लघवीतल्या फाइव्ह-एचआयएएची तऱ्हा और. लहान आतड्यातल्या गाठी सेरोटोनिन सोडतात, ते मोडून हे बनतं. चेहरा लाल होणं, जुलाब, या तक्रारी असलेल्यांत ही टेस्ट उपयोगी. पण सेरोटोनिन केळ्यातही असतं, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांग्यातही. एका मावशींना मी विचारलं, "आधीचे तीन दिवस पथ्य पाळलंत ना?" "हो गं, काल तर एकादशीच होती, शिकरणाशिवाय काही खाल्लं नाही." पूर्ण कॅन ओतून द्यावा लागला. त्यामुळे कॅन देतानाच यादी वाचून दाखवायची, खोकल्याचं औषध आणि पॅरासिटामॉल विचारून घ्यायचं. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची, हे दोनदा सांगायचं. कॅनमध्ये आधीपासून ॲसिड असतं, थेट त्यात जाऊ नका, हेही.

उपचारांचा आकड्यावर होणारा परिणाम तर वेगळाच विषय. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडने पेशी स्राव कमी करतात, त्यामुळे मार्कर उतरतो, पण गाठ आकसलीच असं नाही. म्हणून रक्त दर वेळी इंजेक्शनच्या त्याच टप्प्यावर घ्यावं, शक्यतो पुढच्या इंजेक्शनच्या आधी. ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी समस्थानिकाने गाठीवर मारा करणारी थेरपी साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा देतात. आपल्याकडे तो समस्थानिक मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत बनतो. पहिल्या काही आठवड्यांत पेशी मरताना त्यांच्यातला ऐवज रक्तात सांडतो आणि क्रोमोग्रॅनिन चढू शकतो. त्या दिवसांतला चढलेला आकडा बघून थेरपी फसली म्हणणारे पेशंट मी पाहिलेत. थेरपी लागू पडली का, ते ठरवणं हे गॅलियम डोटाटेट पेट या स्कॅनचं आणि काळाचं काम.

एनएसई हा या गाठींचा आणखी एक मार्कर. त्याचं सॅम्पल थोडं जरी गुलाबी दिसलं तर परत मागवा. लाल पेशींतही एनएसई असतं, सुईच्या ओढाताणीने आकडा फुगतो.

वाढलेल्या आकड्यावर सगळेच थांबतात. उतरलेल्यावर कोणी थांबत नाही. गेल्या आठवड्यात नवीन मुलींपैकी एकीने रिपोर्ट अडवला. आधीचा क्रोमोग्रॅनिन १९००, आता ३१०. "मॅडम, इंजेक्शन तेच आहे, बाई मात्र वजन घटल्याचं सांगत होत्या." सँडविच पद्धतीत, म्हणजे पदार्थ दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडून मोजतात तेव्हा, तो फारच जास्त झाला तर अँटिबॉडी पुऱ्या पडत नाहीत आणि आकडा खोटा कमी दिसतो. तिने सॅम्पल दहापट डायल्यूट करून लावलं. ४२००च्या वर आलं. रिपोर्ट मोबाइलवर जाण्याआधी तिनेच डॉक्टरांना फोन लावला.