तैलचित्रात डोक्यावरचं रंगवताना

आजोबांचा जुना फोटो घेऊन कुणी तैलचित्र करून घ्यायला आलं की मी पहिल्यांदा एकच विचारतो, "रोज डोक्याला काय असायचं?" फोटोत फेटा दिसत असला तरी विचारतो. तो कुणाच्या तरी लग्नापुरता बांधलेला असू शकतो.

मग पेन्सिल. कवटी पूर्ण काढा, झाकलेला भागसुद्धा. नवशिके कपाळाच्या रेषेवर थेट फेटा ठेवतात आणि आत डोकंच उरत नाही. कपड्याच्या थरांना जाडी असते, ती कवटीच्या बाहेर धरायची.

फेटा आणि पगडी एकाच हाताने रंगवू नका. पगडी तयार मिळते, घडी पक्की असते, म्हणून तिच्या कडा ठाम. फेटा दर वेळी नव्यानं बांधतात. एक पीळ घट्ट, दुसरा सैल, मागं शेमला सुटलेला. समान अंतराचे पट्टे ओढलेत तर तो भाड्यानं आणलेला दिसेल. स्वतः एकदा आरशासमोर फेटा बांधा, कापड कुठं ताणतं ते बोटांना कळतं.

सरावाला कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात जा, एकेका चित्रातलं नुसतं डोकं बघा. यान व्हान आइक या जुन्या युरोपियन चित्रकाराचं १४३३ सालचं लाल शिरोवस्त्रातल्या माणसाचं चित्रही छापील मिळवा. मूळ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते पागोटं वाटतं, पण तिकडचं शापरों नावाचं शिरोवस्त्र आहे, लोंबती टोकं वर गुंडाळून बांधलेली. चुण्यांच्या सावल्या त्यावरून शिकाव्यात.

पांढऱ्या टोपीला निव्वळ पांढरा रंग फक्त वरच्या धारेवर. बाकी पांढऱ्यात निळा आणि किंचित अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंग. काळ्या टोपीतही नुसता काळा नको, मेलेली दिसते.

सुरुवातीला एका शेतकरी घरानं टोपीवाल्या फोटोवरून भगव्या फेट्यातलं चित्र मागितलं. मी तुऱ्यासकट झोकात रंगवलं. नाकडोळे अचूक होते. आजींनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हे आमचं मालक न्हवं." चित्र परत आणलं, फेटा खरवडला, टोपी रंगवली, उजवीकडं जराशी कललेली, फोटोत होती तशीच. पुन्हा नेऊन भिंतीला टेकवलं, तेव्हा आजींनी आधी डोक्यावरचा पदर सावरला.