ताप उतरत नाही? कल्चरच्या या चुका टाळा

पावसाळा लागला की खानापूर, चंदगड भागातले तापाचे पेशंट बेळगावात येऊ लागतात. येईपर्यंत गावातल्या दवाखान्यात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या अँटिबायोटिकचे तीन-चार डोस झालेले असतात. त्यानंतर पाठवलेलं ब्लड कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी) कोरं आलं की रेसिडेंट डॉक्टर म्हणतात, 'इन्फेक्शन नाही.' इथेच फसगत होते. औषधाने दबलेला जंतू बाटलीत वाढत नाही, तेवढंच त्यातून कळतं. आधीच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं नातेवाइकांकडून मागून घ्या.

रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या, दोन वेगळ्या जागांहून, मोठ्या माणसाचं दर बाटलीत ८ ते १० मिली. लॅबमध्ये मी बाटल्या उजेडात धरते, तेव्हा कित्येकींत जेमतेम तीन मिली असतं. पेशंट शॉकमध्ये असेल तर मात्र रक्त पटकन काढा आणि तासाच्या आत औषध द्या. कातडीला लावलेलं क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक) पूर्ण वाळू द्या, नाहीतर कातडीवरचे जंतू बाटलीत उतरतात. पण स्टॅफ ऑरियस हा घातक जंतू एका बाटलीत जरी आला, तरी 'कातडीवरचा असेल' म्हणून सोडू नका.

लघवीच्या कल्चरचा नमुना कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पिशवीतून कधीच घेऊ नका. आणि कॅथेटर असलेल्या पेशंटला त्रास नसेल, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक चढवू नका.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ती. खानापूरकडचे एक शेतकरी, पन्नाशीचे, मधुमेह असलेले. भातलावणीत दिवसच्या दिवस चिखलात उभे. महिनाभर ताप, फुफ्फुसात डाग, म्हणून टीबीची औषधं सुरू झालेली. थुंकीत टीबी सापडलाच नव्हता. प्लीहेत गळू निघालं. पुवाच्या आधीच्या रिपोर्टवर 'स्यूडोमोनास' एवढंच जंतूचं नाव लिहिलेलं. खाली मात्र जेंटामायसीन आणि कोलिस्टिन ही दोन्ही अँटिबायोटिक निकामी, को-अमॉक्सिक्लॅव लागू. नेहमीचा स्यूडोमोनास याच्या उलट वागतो! जंतू वाढवायची प्लेट आणखी दोन दिवस ठेवली, तेव्हा जंतूंच्या कोरड्या, सुरकुतलेल्या वसाहती दिसल्या. आजार निघाला मेलिऑइडोसिस. त्याचा माती-पाण्यातला जंतू मधुमेहींना गाठतो, पावसाळ्यात जास्त. असा रिपोर्ट दिसला की लॅबला फोन करा, पेशंट शेतकरी आहे, मधुमेह आहे, हे सांगा. लॅबवाल्यांनो, संशय आला की प्लेट बायोसेफ्टी केबिनेटमध्येच (जंतू बाहेर न सोडणाऱ्या कपाटात) उघडा, वास घेऊ नका.

मेलिऑइडोसिसवर सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे, गळू असेल तर अधिक. मग को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या निदान तीन महिने. ताप उतरला की घरी जायची घाई होते, गोळ्या सुटतात आणि आजार उलटतो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं, ते घरच्यांना मराठीत बसून समजावा. त्या शेतकऱ्यांच्या मुलाने माझ्यासमोर भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो मोबाइलवर काढला आणि शेवटच्या गोळीची तारीख त्यावर लाल गोलात टाकली.