वायरिंग डायग्राम पाठवताना आणि डीव्हीडी बर्न करताना या चुका टाळा

जुन्या गाड्यांच्या वायरिंगचं काम मी बरीच वर्षं करतो. कोणी मागितला की डायग्राम पाठवतो, आणि दुरुस्तीचे व्हिडिओ डीव्हीडीवर उतरवून देतो, कारण गॅरेजच्या कोपऱ्यातला जुना टीव्ही आणि प्लेअर अजूनही अनेकांच्या उपयोगाचा आहे. दोन्ही कामांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. मूळही एकच. आपल्या कॉम्प्युटरवर नीट दिसलं की काम झालं, असं धरून चालायचं. समोरच्याच्या हातात नेमकं काय पडतं, हे कोणी बघत नाही.

रंगांची सूची कापून पाठवणं

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. ओळखीच्या एका मुलाला जुन्या ब्रिटिश गाडीत रेडिओ बसवायचा होता. मी घाईत होतो. मॅन्युअलचं पान मोबाइलने टिपलं आणि पाठवून दिलं. रंगांची सूची, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या रंगाचं ते सांगणारा तक्ता, पुढच्या पानावर होती, ती राहिली.

तो मुलगा जर्मन गाड्यांवर हात बसलेला. त्या गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थ (अर्थिंग), गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वायर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र अर्थ काळी असते आणि तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते, बहुतेक वेळा मधे फ्यूजसुद्धा नसतो. त्याने रेडिओची अर्थची बारीक वायर त्या तपकिरीला जोडली. बॅटरी आधी सोडवून ठेवली होती, म्हणजे काळजी त्याने घेतली होती. पण रेडिओचं धातूचं खोकं डॅशबोर्डच्या पत्र्याला कसलेलं होतं. बॅटरीचा क्लॅम्प टेकवताच सगळा करंट त्या बारीक वायरीतून पत्र्यात गेला. क्लॅम्प ओढून काढेपर्यंत शेजारच्या सात-आठ वायरींचं इन्सुलेशन वितळून एकमेकांत मिसळलं होतं. डॅशबोर्डमागचा हार्नेस, म्हणजे वायरींचा आख्खा जुडगा, आम्ही दोघांनी उतरवला आणि एकेक वायर बदलली. नऊ रविवार गेले. त्या मुलाला मी कधीच दोष दिला नाही. अर्धा कागद मी दिला होता.

तेव्हापासून सूची नसलेलं पान मी पाठवतच नाही. ती दुसऱ्या पानावर असेल तर स्कॅन करून त्याच चित्राच्या कडेला चिकटवतो. अक्षरांवर अंदाज बांधू नका. ब्रिटिश पद्धतीत 'एन' म्हणजे तपकिरी आणि 'यू' म्हणजे निळा. जपानी डायग्राममध्ये निळ्यासाठी 'एल' असतं, आणि 'बी' दिसला की निळा समजणारे काळ्या वायरीवर जातात. दोन अक्षरं असतील तर पहिलं मूळ रंगाचं, दुसरं रेघेचं. निळीवर पांढरी रेघ आणि पांढरीवर निळी रेघ या दोन वेगळ्या वायरी आहेत. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेली, असेल तर तेही चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण जुन्या गाड्यांत तशा बऱ्याच आहेत. आणि डायग्राम कोणीही पाठवलेला असो, मी पाठवलेला असला तरी, वायरीला हात लावण्याआधी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावा. दोन मिनिटांचं काम आहे. ही दोन मिनिटं वाचवणाऱ्यांचे हार्नेस मी नंतर महिनाभर दुरुस्त करत बसतो.

पुसट चित्र

मोबाइलवर टिपलेला फोटो चॅटवर पाठवला की तो लहान होतो, पुन्हा दाबला जातो, आणि तिथून पुढे गेला की आणखी दाबला जातो. जेपेग, म्हणजे फोटोच्या फाइलचा नेहमीचा प्रकार, चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करून त्यातला बारीक तपशील गाळतं. चेहऱ्याच्या फोटोत ते कळत नाही. पांढऱ्यावर काळ्या बारीक रेघा असल्या की रेघांभोवती धूर दिसतो आणि ३ चा ८ होतो.

याचा फटका कुठे बसतो ते सांगतो. जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मधले टर्मिनलचे आकडे बऱ्याच गाड्यांत सापडतात. ३० म्हणजे कायम बॅटरी, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा, ३१ म्हणजे अर्थ. रिलेवर, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. ८७ रिले ओढल्यावर जोडलं जातं आणि ८७ए रिले सुटलेला असताना जोडलेलं असतं. पुसट चित्रात तो इवलासा 'ए' उडाला की फॉगलॅम्पची वायर चुकीच्या टोकावर जाते, स्विच बंद असताना दिवे लागतात आणि सकाळी बॅटरी मेलेली असते. मग लोक रिले बदलतात, स्विच बदलतात. चूक चित्रात आहे हे शेवटी कळतं.

मी सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करतो, पीएनजी किंवा पीडीएफ ठेवतो आणि चॅटवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो.

कनेक्टरचं चित्र देताना ते वायरींच्या बाजूने पाहिलेलं आहे की तोंडाच्या बाजूने, हे लिहा. दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, आणि डावी-उजवीकडची पिन उलटली की सेन्सर जातो.

मॉडेलसोबत वर्ष, इंजिन आणि स्टिअरिंगची बाजू लिहा. नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही.

आख्खं मॅन्युअल स्कॅन करून वाटू नका. त्यावर प्रकाशकाचा हक्क असतो, आणि खरं सांगायचं तर ४०० पानांतून नवख्याला काही सापडतही नाही. स्वतःच्या गाडीवर मीटर लावून एकाच सर्किटचं, उदाहरणार्थ फक्त इंडिकेटरचं, चित्र काढा. कोणाच्याही उपयोगी पडेल. फ्यूजबॉक्सचा फोटो देताना नंबर प्लेट, व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) आणि फोटोतली ठिकाणाची नोंद काढून टाका. एअरबॅगच्या सर्किटवर मीटर लावायला मात्र कोणालाही सांगू नका.

डीव्हीडी: शेवटच्या मिनिटांत अडकणारी डिस्क

दुसऱ्या बाजूची माझी मोठी तक्रार म्हणजे डिस्क काठोकाठ भरणं. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते १००० च्या हिशेबाने. विंडोजचा कॉम्प्युटर १०२४ ने मोजतो, म्हणून तिथे सुमारे ४.३८ दिसतात. लोक तेवढे भरतात, सगळ्यात जास्त वेग निवडतात आणि निघून जातात. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. कडेला डिस्कचा थोडासा वाकडेपणाही जास्त जाणवतो आणि वेगही तिथेच सर्वाधिक असतो, म्हणून चुका कडेला जमतात. माझ्या पहिल्या वीस डिस्क अशाच गेल्या. सुरुवातीचा तास सुरळीत, आणि नेमकं हार्नेस परत बसवताना चित्र गोठायचं. ज्यांना दिल्या त्यांना वाटलं प्लेअर बिघडला.

आता मी शेवटचे ३०० एमबी मोकळे सोडतो, १६ एक्सच्या डिस्कवर ८ एक्सने लिहितो (एक्स म्हणजे लिहिण्याच्या वेगाचं माप) आणि व्हेरिफाय, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघणं, पूर्ण होऊ देतो. १ एक्सने लिहिलं की उत्तम होतं, ही जुनी समजूत आहे. आजच्या डिस्क इतक्या हळू लिहिण्यासाठी बनवलेल्याच नसतात. व्हेरिफाय वेळखाऊ आहे म्हणून टाळणाऱ्यांशी माझं पटत नाही.

व्हिडिओची फाइल डिस्कवर नुसती ओढून टाकली की व्हिडिओ डीव्हीडी होत नाही. जुन्या प्लेअरला व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर लागतं, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी फाइल्स, चित्र एमपेग-२ मध्ये, आवाज ४८ किलोहर्ट्झला. एएसी प्रकारातला आवाज तिथे चालत नाही, एसी-३ प्रकारात करून घ्या. चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, ९.८ एमबीपीएसपर्यंत चालतो, पण मी ६ च्या वर जात नाही. एका डिस्कवर सुमारे १०० मिनिटं बसतात आणि जुना लेझर दमत नाही.

फायनलाइज करा, म्हणजे लिहून झाल्यावर डिस्क प्लेअरसाठी बंद करा. रिराइटेबल डिस्क देऊ नका, ती प्रकाश कमी परतवते आणि जुने प्लेअर तिला ओळखत नाहीत. कागदी स्टिकर अजिबात लावू नका, तोल जातो.

आणि एक विनंती. डायग्रामचा स्लाइड शो करून डीव्हीडीवर टाकू नका. ३०० डीपीआयच्या ए-४ पानात २४८० × ३५०८ ठिपके असतात, पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडीच्या चौकटीत ७२० × ५७६. म्हणजे जेमतेम एकविसावा भाग उरतो, त्यात वायरीचा रंग कोण वाचणार? पीडीएफ त्याच डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. प्लेअर तिकडे बघत नाही आणि कॉम्प्युटरवर सगळं मिळतं.

डिस्क देण्याआधी ती नुसती तुमच्या कॉम्प्युटरवर तपासून थांबू नका. ओळखीत सगळ्यात जुना, सगळ्यात कुरकुरणारा प्लेअर ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे न्या आणि शेवटची दहा मिनिटं लावा. मी त्यासाठी एक जुना प्लेअर मुद्दाम जपून ठेवला आहे. त्यावर अडकलेली डिस्क मी कोणाला देत नाही.