बोअरवेलचं पाणी युरेनियमसाठी तपासायला देताय? बाटलीतला गंज फेकू नका

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत टँकर कमी करून बोअरवेलचं पाणी वापरायचं ठरलं आणि टेस्टिंगचं काम माझ्याकडे आलं. मी घरातली रिकामी बाटली धुतली, भरली, दोन दिवस गॅलरीत ठेवली आणि मग लॅबला दिली. भरताना पाणी काचेसारखं होतं, देताना तळाला केशरी गाळ, आणि लॅबने तपासलं ते वरचं निवळ पाणी. हे तुम्ही करू नका, कारण जे शोधायचंय ते त्या गाळातच बसलेलं असू शकतं.

होतं असं की जमिनीखाली हवा पोचत नाही तिथे लोखंड पाण्यात विरघळलेलं असतं, डोळ्यांना दिसतच नाही, वर आल्यावर ऑक्सिजन लागला की त्याचा गंज होतो. हा ताजा गंज म्हणजे बहुतेक फेरिहायड्राइट, कण इतके बारीक की एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग. आणि युरेनियम पाण्यात युरॅनिल या रूपात फिरतं, मधे युरेनियम, दोन्ही बाजूंना एकेक ऑक्सिजन. ते गंजाच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी थेट बाँड करतं, धूळ बसावी तसं नाही. पीएच साधारण 5 ते 8 असेल तर पकड चांगली. पण पाणी जड असेल, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर, तर युरॅनिल त्यांच्याशीच जोडी जमवतं आणि पाण्यातच राहतं.

हे झालं नुसतं चिकटणं. मॅग्नेटाइट किंवा ग्रीन रस्टसारख्या खनिजांत फेरस लोखंड असतं, म्हणजे अजून एक इलेक्ट्रॉन देऊ शकणारं, ते युरेनियमला इलेक्ट्रॉन देतं आणि सहा व्हॅलन्सीचं विरघळणारं युरेनियम चारचं होतं, जे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एका युरेनियमला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे दोन फेरस. मात्र हे कायमचं नाही हां, पुढे ऑक्सिजन किंवा नायट्रेट आलं की ते परत विरघळू शकतं, म्हणून सांडपाणी झिरपत असेल तिथे नायट्रेटही तपासाच.

आता सॅम्पल. पंप पंधराएक मिनिटं चालू ठेवा आणि टाकीत पडायच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या. लॅबकडूनच नायट्रिक ॲसिड घातलेली प्लास्टिकची बाटली मागवा, ॲसिड घरी हाताळू नका, आणि ती बाटली विसळूही नका. पीएच 2 च्या खाली गेला की गंज धरत नाही, युरेनियम बाटलीच्या भिंतीलाही चिकटत नाही. पीएच आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं बायकार्बोनेट वगैरे) यांसाठी दुसरी, बिनॲसिडची बाटली. विरघळलेलं किती ते वेगळं हवं असेल तर जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मग ॲसिडच्या बाटलीत भरा. गाळ आधीच बसला असेल तर लॅबला स्पष्ट सांगा, गाळासकट सगळं ॲसिडमध्ये विरघळवून मोजा.

पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला 30 मायक्रोग्रॅम. आपल्याकडचा काळा कातळ बेसॉल्टचा, त्यात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा खूप कमी, तेव्हा घाबरून जाऊ नका, पण मोजा नीट. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. आरओने बरंचसं जातं. सोसायटीत लोखंड काढायचा सँड फिल्टर असेल तर त्यातही थोडं अडकतं, किती ते पाण्यावर अवलंबून, म्हणून फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं अशी दोन सॅम्पल द्या. आणि त्याच्या बॅकवॉशचा, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुताना निघणारा, केशरी गाळ रिपोर्ट येईपर्यंत बागेत टाकू देऊ नका, माळीकाकांना आधीच सांगून ठेवा.