बिडाचा तवा: घेताना काय बघायचं, पावसाळ्यात कसा टिकवायचा

आधी एक ठरवा: तवा कशाला हवाय? जोंधळ्याच्या भाकरीला पातळ लोखंडी पत्र्याचाच बरा, तो पटकन तापतो आणि भाकरीला फिरवलेल्या पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. आंबोळी, घावन, डोसा यांना मात्र बीड (ओतीव लोखंड). म्हणजे घरात दोन तवे हवेत. एकावर दोन्ही कामं केलीत की बिडाचा तेलकट थर जातो आणि आंबोळी चिकटते.

बेळगावात उद्यमबागेत फाउंड्र्या पुष्कळ आहेत, पण तिथलं ओतकाम मुख्यतः यंत्रांच्या भागांचं. तवा भांड्यांच्या दुकानातच हातात घेऊन बघावा. 10 ते 12 इंच व्यास आणि 4-5 मिलिमीटर जाडी घरच्या शेगडीला पुरते. तवा कानाला धरून उचला आणि चमच्याने टिचकी मारा. आवाज घुमला तर ठीक, फुटका-खरखरीत आला तर चीर असणार. मग सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघा. पांढऱ्या फडक्याने पुसून काळा रंग उतरला, तर तो घेऊ नका.

घरी आणल्यावर गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासा. लगेच आचेवर ठेवून पूर्ण कोरडा करा. कोमट असताना अर्धा चमचा शेंगतेल दोन्ही बाजूंना चोळा आणि (इथेच बहुतेक जण चुकतात) कोरड्या फडक्याने ते जवळजवळ सगळं पुसून काढा. तेल जास्त राहिलं की त्याचा कडक थर होत नाही, गोंदासारखा चिकट लेप उरतो. मध्यम आचेवर धूर येईपर्यंत आणि पुढे 10 मिनिटं तापवा. आपोआप गार होऊ द्या. हे सगळं 4-5 वेळा करा. शेवटी उभा चिरलेला कांदा थोड्या तेलात काळपट होईपर्यंत परता आणि फेकून द्या. पहिल्या दोन-तीन आंबोळ्या तरीही फाटतील, तेवढ्या तव्याच्या नावाने सोडा.

तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. चिंच, आमसूल, टोमॅटो बिडाच्या भांड्यात शिजवू नका: आंबटाने थर सुटतो, रस्सा काळा पडतो आणि लोखंडाची चव लागते.

खरी परीक्षा पावसाळ्यात. बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम गाळतात. तवा धुतल्यावर फडक्याने पुसणं पुरत नाही, आचेवर दोन मिनिटं ठेवाच. मग तेलाचं बोट फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. तरी तांबूस गंज आलाच, तर जाड मीठ आणि बटाट्याच्या कापाने घासा, धुवा, कोरडा करा आणि तेलाचे दोन हात पुन्हा द्या.